दांडीवरचा टॉवेल

फ्लेक्सवरून तुळशीरामशेठ अनुयाकडे बघून हसत होते, आणि ती पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, शेअर रिक्षातून उतरता उतरता, एक पाय आत आणि एक पाय बाहेर अशी थबकली. मागच्या बाईने "ताई, उतरताय की नाही?" असं वैतागून विचारलं तेव्हा कुठे ती उतरली. फ्लेक्सवर गुलाबाच्या पाकळ्या, दोन समया, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली मुलांची-नातवंडांची नावं आणि मधोमध तोच फोटो. नऊ वर्षांपूर्वी शेठच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी तिनेच चाळीस फोटोंमधून तो निवडला होता. 'यात शेठ कुणालातरी चहा विचारतायत असं वाटतं,' असं ती तेव्हा त्यांच्या मुलांना म्हणाली होती. गेले तर शेठ. वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण ते वाटत असतानाच तिच्या डोक्यात एकच शब्द टाळी वाजवावी तसा वाजला : टॉवेल. आणि काल संध्याकाळपासून जमिनीला न लागलेले तिचे पाय एकदम फुटपाथवर टेकले.

कालची संध्याकाळ म्हणजे काय सांगावं! पुण्याच्या प्रकाशनातून चारुताचा फोन आला तेव्हा अनुया भेंडी चिरत होती. अठरा वर्षं ती लिहीत होती, पण दुसऱ्यांची आयुष्यं. सहकारी बँकेच्या अध्यक्षांचं, दोन डॉक्टरांचं, तीन बिल्डरांचं, शाळेच्या संस्थापकाचं. गौरवग्रंथ, स्मरणिका, 'शब्दांकन' या शब्दाखाली बारीक टायपात तिचं नाव, कधी तेही नाही. मधल्या वेळात लेखनाचे वर्ग, लोकांच्या हस्तलिखितांवर मेहनत, नोकरी कुठलीच नाही. आणि आता पहिल्यांदा तिचं स्वतःचं पुस्तक, स्वतःच्या बाबांवर. चारुताने पहिली दोन पानं वाचली होती. "अनुया, त्या सायकलने मारलं गं," ती म्हणाली. "दांडी टोचू नये म्हणून बाप खांद्यावरचा टॉवेल गुंडाळतो आणि मुलीला पुढे बसवतो. ऑफिसात आम्ही दोघी रडलो. सोमवारी पूर्ण प्रकरण पाठव, त्यावर करार करून टाकू." अनुयाने भेंडी तशीच टाकली, घरभर फिरली, आणि त्या भरात वर्गाच्या ग्रुपवर लिहून टाकलं : उद्या वर्गात, परत-सांगण्याच्या तासाला, मी माझं पान आणतेय. चार वर्षांत तिने स्वतःचं पान वर्गात कधी आणलं नव्हतं. ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

तो टॉवेल. तिने डोळे मिटले आणि तो समोर उभा राहिला, पांढरा, लाल काठाचा, दांडीवर तीन वेढे दिलेला. मांडीखाली लोखंडाचा थंडपणा टॉवेलातूनही जाणवत होता. निळा फ्रॉक. मागून बाबांचा श्वास केसांत. ही सगळी तिची स्वतःची आठवण होती, अंगातली, हाडातली. पण आता फ्लेक्सवरचे शेठ हसत होते आणि त्यांच्या हसण्यामागून त्यांचा तो हळू, जासईकडचा आवाज येत होता : "दांडी हाडाला लागायची ना. मंग बापूस खांद्यावरचा टॉवेल काढून गुंडालायचा. मिठागरावं जायचा तो टॉवेल, घामानी खारट. मी वास घेत बसायचो." शेठ हे बोलले तेव्हा त्यांच्या बंगल्याच्या गच्चीत ती आणि तेच होते, खाली कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जात होते. तिने ते तसंच लिहिलं. मग मुलांनी मसुदा वाचला. थोरला म्हणाला, "मॅडम, टॉवेल-बिवेल नको. पाहुणे येणार, मंत्री येणार, आजोबांना एवढं गरीब कशाला दाखवायचं?" त्या जागी 'शिस्तप्रिय आणि दूरदर्शी पिता' असं बसलं. शेठ गप्प राहिले. टॉवेल ग्रंथातून निघाला तो कुठेच छापला गेला नाही, कुणाला माहीत झाला नाही, आणि बिऱ्हाड नसलेल्या माणसासारखा नऊ वर्षं इकडेतिकडे फिरून अनुयाच्या घरात शिरला, तिच्या बाबांच्या खांद्यावर जाऊन बसला. छे, असं कसं होईल? तिला तर लाल काठ दिसत होता. शेठ काठाबद्दल काही बोलले होते का? नव्हते. मग काठ माझा. काठ माझा असेल तर टॉवेलही माझा. एसटी स्टँडच्या गर्दीत ती अशी स्वतःशी वकिली करत उभी होती आणि खरं सांगायचं तर त्या वकिलीतही एक गुदगुली होती. आपण इतकी वर्षं लोकांच्या आठवणी विणल्या, त्यातली एक आपल्यालाच चिकटली, केवढी भन्नाट गोष्ट आहे ही! तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

मग तिने आईला फोन लावला. सुमतीबाई पुण्याला धाकट्या मुलाकडे, सत्यजीतकडे राहत. "आई, बाबांना सायकल यायची ना गं?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "कुणाला?" "बाबांना." "तुझ्या बाबांना सायकल?" सुमतीबाई इतक्या मोठ्याने हसल्या की अनुयाने फोन कानापासून लांब धरला. "अगं, उभ्या ट्रकच्या मागून जायचा नाही तो माणूस. म्हणायचे, मागे आला तर? सायकल म्हणे!" "पण मला शाळेत कोण सोडायचं?" "सोडायचे तेच. चालत. का गं? कुणाला लिहून देतेयस का?" अनुया म्हणाली, "नाही, सहज." "तुझं सहज मला माहितीये," आई म्हणाली. "जेवलीस का?" सकाळचे साडेनऊ वाजले होते.

जीव भांड्यात पडायला हवा होता, निदान एक गोष्ट तरी स्पष्ट झाली म्हणून. उलट तिचं डोकं सुसाट सुटलं. कापड बाजाराच्या बोळातून ती भराभर चालत होती आणि एकेक गोष्ट तपासत होती. ताप उतरल्यावर बाबा बोरांची पुडी घेऊन आले होते, ते कुणाचे बाबा? डॉक्टरांचे की माझे? दिवाळीत दिवा विझला म्हणून रडणारी मुलगी, ती शाळेच्या संस्थापकांची बहीण. पण आजीच्या नाकातली चमकी? चमकी माझीच, चमकी फोटोत आहे. अठरा वर्षांत तीस-बत्तीस माणसं तिच्यासमोर बसून बोलली होती. ती प्रत्येकाचं बोलणं ऐकायची, घरी येऊन लिहायची, त्यांचा 'मी' होऊन बसायची. 'मी लहान असताना.' 'माझे वडील.' हे शब्द तिने इतक्यांच्या वतीने लिहिले होते की स्वतःसाठी लिहायची वेळ आली तेव्हा हाताने आपला रोजचा रस्ता धरला. अशी चूक कुण्या वाण्याची होणार नाही, कुण्या शिंप्याची होणार नाही. आणि तरीही, गंमत म्हणजे, तिला दम लागला होता तो भीतीने नव्हे. शोधायला निघाल्यासारखं वाटत होतं तिला. मग माझे बाबा कुठे आहेत? दोन पानं लिहिली आणि त्यात बाबा नाहीतच? सायकल वगळली तर उरतं काय? 'कष्टाळू', 'निगर्वी', 'कचेरीत सर्वांचे लाडके'. अरे देवा, मी माझ्या बाबांचा गौरवग्रंथ लिहिलाय. ती बोळात उभ्या उभ्या हसली, आणि एका म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं.

वर्ग पिठाच्या गिरणीच्या वर भरायचा. गिरणी सुरू झाली की खालची लादी थरथरायची आणि वर्गातल्या माणसांना बसल्या बसल्या बारीक कंप सुटायचा. सहा जण यायचे. त्यात इंद्रजीतराव होते, तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट सांभाळून निवृत्त झालेले, आणि निशा होती, जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघणारी, उरणच्या कोळीवाड्यातली. निशा आपल्या आईवर, ठमाबाईंवर लिहीत होती. वर्गाची पद्धत अनुयाने स्वतः काढलेली होती आणि तिला तिचा फार अभिमान होता. लिहिणाऱ्याने वाचायचं नाही. शेजारच्याने पान एकदा मनात वाचायचं, मिटायचं आणि तोंडाने परत सांगायचं. सांगणारा जे विसरला ते लिहिणाऱ्याने कापायचं. रडारड करायची नाही. या पद्धतीने इंद्रजीतरावांची बॉयलरवरची सहा पानं एका पानावर आली होती, आणि ते एक पान वाचताना हाताला गरम लागत होतं.

"आणलंत ना बाई?" निशाने दारातच विचारलं. सगळे आधीच येऊन बसले होते, कुणीतरी जिलबी आणली होती. अनुयाला तिथेच सांगता आलं असतं. पण पान पर्समधून बाहेर आलं आणि निशाच्या हातात गेलंही. निशा वाचत असताना अनुया तिच्या पापण्यांकडे बघत होती. कदाचित सायकल विसरेल. देवा, सायकल विसरू दे. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, सायकल विसरली तर राहील काय?

निशाने पान मिटलं, मांडीवर उपडं ठेवलं, आणि सुरू केलं. "बाईंचे बाबा कचेरीत होते. मग..." ती थांबली. "ते चांगले होते. मग सायकल. सायकलच्या दांडीवर ते खांद्यावरचा टॉवेल काढून गुंडाळायचे, पोरीच्या हाडाला टोचू नये म्हणून. तीन वेढे. लाल काठ. आणि मागून ते श्वास घ्यायचे तो केसात लागायचा." ती पुन्हा थांबली, आठवायचा प्रयत्न करत. "बस. एवढंच राहिलं." वर्गात कुणीतरी हळूच 'वा' म्हटलं. इंद्रजीतरावांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, बाकीचं उडालं तरी चालेल," ते म्हणाले. "हा टॉवेल एकटा पुरे आहे." खाली गिरणी सुरू झाली आणि खुर्च्यांना कंप सुटला.

"तो टॉवेल माझ्या बाबांचा नाही," अनुया म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. शेठ, गच्ची, मिठागर, थोरल्या मुलाचं बोलणं, फ्लेक्स, आईचं हसणं. ती भराभर बोलत होती, हातवारे करत, मधूनच हसत. आपली चूक सांगतोय की एखादी बातमी, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. इंद्रजीतरावांनी चष्मा परत लावला. "पण मॅडम," ते समजूत काढल्यासारखं म्हणाले, "शेठ तर गेले. पुस्तकात ते आलंच नाही. कुणाला कळणार आहे? आणि तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? ठेवा की. उलट तुमच्यामुळे तो टॉवेल वाचला म्हणायचा." अनुयाला हे पटलं. क्षणभर अगदी मनापासून पटलं. हेच तर तिला स्टँडपासून कुणीतरी म्हणायला हवं होतं. चारुताचा करार, सोमवार, आपलं नाव पुस्तकाच्या पाठीवर.

"नाय," निशा म्हणाली. ती एरवी वर्गात जपून, ऑफिसातल्यासारखं बोलायची. आता तिचा आवाज घरातला होता. "बाई, मी तुमाला सांगितला ना, आय शाळेत निकाल घ्यायला यायची तेव्हा कागद पदराच्या टोकानी धरायची. हाताचा मासलीचा वास कागदाला लागू नये म्हनून. कुनाला सांगितला नव्हता मी. तुमाला सांगितला. उद्या तो पदर तुमच्या आयच्या खांद्याव जाऊन बसंल, तर? मंग माझी आय कुठं जाईल?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, सरळ. "आमी सगले इथं येऊन सांगतो तुमाला."

अनुयाचे कान तापले. जे ती एसटी स्टँडपासून गंमत म्हणून फिरवत होती, त्याची दुसरी बाजू तिच्यासमोर खुर्चीवर बसली होती. तीस-बत्तीस माणसं. गच्च्या, दिवाणखाने, हॉस्पिटलच्या खोल्या. सगळ्यांनी तिच्यावर विश्वास टाकून हळू आवाजात सांगितलेलं. तिला फार, फार वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी काय करायचं तेही लख्ख कळलं. तिने फोन काढला आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणत, चारुताला लिहिलं : 'सायकल काढतेय. ती माझ्या बाबांची नाही. चूक माझी.' लगेच उत्तर आलं : 'काय?? मग करार थांबवू?' अनुयाने लिहिलं : 'सोमवारी दुसरं पाठवते. नाही आवडलं तर थांबव.' मग निशाकडे वळून म्हणाली, "शेठचं ते काढलेलं पान माझ्याकडे फाइलला आहे. त्यांच्या घरी नेऊन देईन. थोरल्याला नको असलं तर एखाद्या नातवाला देईन." निशाने मान हलवली, पण राग पुरता उतरला नव्हता. तो तसा उतरूही नये असं अनुयाला वाटलं.

"मग तुमचे बाबा काय करायचे?" निशाने विचारलं. "सायकल नाय तर काय?"

अनुयाकडे शब्द होते, रगड होते, सगळे वापरलेले. ते तिने बाजूला केले. चालत सोडायचे, आई म्हणाली होती. चालत. मग रस्ता आला. जुना मुंबई-पुणे रस्ता, तेव्हा सगळे ट्रक याच गावातून जायचे, हॉर्न, काळा धूर, डोळ्यांत धूळ, आणि पलीकडे शाळा. आणि हाताला काहीतरी ओलं लागलं. तिने स्वतःचा उजवा तळवा पाहिला, तो कोरडा होता. "घाम," ती म्हणाली. "बाबांच्या हाताला घाम यायचा. रस्ता ओलांडताना ते माझा हात धरायचे, घट्ट, दुखेल इतका. मला वाटायचं मला सांभाळतायत. पण ते हलायचेच नाहीत. ट्रक लांब असला तरी उभे. शाळेची घंटा ऐकू यायची. मग एक दिवस मी ओढलं त्यांना. मी दुसरीत होते. 'चला बाबा, आता,' म्हटलं, आणि ओढलं, आणि ते आले माझ्या मागून, डोळे मिटून. मी वळून पाहिलं तर डोळे मिटलेले होते. त्यानंतर रोज मीच न्यायचे. शाळेच्या बाजूला पोचलं की ते म्हणायचे, 'पोचवलं हं तुला.' आणि मग एकटेच परत जायला उभे राहायचे. मी आत जायचे. मी कधी थांबून बघितलं नाही ते परत कसे जायचे."

ती थांबली. हे तिने कधी लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं, तिला स्वतःलाही आता कळत होतं. भित्रा माणूस. तिचे बाबा भित्रे होते, आणि रोज दोनदा, चार वर्षं, ते त्या रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. तिचा ऊर असा भरून आला की तिला उठून नाचावं की रडावं ते समजेना. हे कुणाचंच नाही. हे माझं आहे. घामासकट माझं आहे.

"परत सांग," ती निशाला म्हणाली. "नियम तो नियम."

निशाने डोळे मिटून घेतले. तिने रस्ता सांगितला, धूर सांगितला, घंटा सांगितली, घाम सांगितला, 'पोचवलं हं तुला' अगदी त्याच चालीत सांगितलं. एक शब्द गळला नाही. चार वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि सगळं सांगून झाल्यावर, डोळे मिटलेलेच ठेवून, ती म्हणाली, "आनि पोरीला पन भ्या वाटत होता. पन दोघं भ्याले तर रस्ता कोन ओलांडनार, म्हनून तिनं बापाला सांगितला नाय."

गिरणी बंद झाली. खोलीतला कंप थांबला.

"हे मी म्हटलं नव्हतं," अनुया म्हणाली.

"नाय. पन होता ना?"

होतं. रोज सकाळी होतं. चाळीस वर्षं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. मग तिने पेन उचललं, पान उलटं केलं, कोरी बाजू वर घेतली, आणि लिहिण्याआधी थांबली.

"निशा, हे शेवटचं वाक्य तुझं आहे. मी घेऊ का?"

निशाने तिच्याकडे नीट पाहिलं, बाजारात मासळी देण्याआधी गिऱ्हाईक पारखावं तसं.

"घ्या," ती म्हणाली. "आता इचारलंत ना."